फेसाळणारी बाटली

१० जानेवारी

खटपट्या,

फोन तू उचलत नाहीस. मेसेज पाठवला तर वाचल्याची खूण येते आणि पुढे सामसूम. म्हणून कागदावर लिहितोय. कागद फाडायचा झाला तरी आधी हातात घ्यावा लागतो, एवढीच माझी आशा.

तू रागावलायस ते बरोबरच आहे. सप्टेंबरात तुला लिफ्टच्या खड्ड्यातून काढून दवाखान्यात नेलं. दुसऱ्या दिवशी मी वॉर्डात आलो, तुझ्या पायांवरची चादर सरकली होती, आणि मी त्या पायांकडे बघून 'शून्य' म्हणालो. चांगलं मोठ्याने. तू जागा आहेस हे मला माहीत नव्हतं. माहीत असतं तर मी गप्प बसलो असतो का, देव जाणे. बावीस वर्षं माझं कामच ते आहे. पाठीचा कणा दुखावलेला उंदीर समोर सोडतात, मी त्याच्या मागच्या पायांकडे चार मिनिटं बघतो आणि शून्य ते एकवीस यांतला एक आकडा सांगतो. काहीच हललं नाही तर शून्य, धडधाकट चालला तर एकवीस. उचलली जीभ आणि लावली टाळ्याला. पण ते पाय भाच्याचे होते, हे जिभेला कळायला हवं होतं.

माफी मागायला लिहीत नाहीये. माफी मी तुझ्या आईमार्फत चार वेळा पाठवली आणि चारही वेळा ती वाटेतच अडकली. ताई माझ्याशी सध्या कामापुरतं बोलते. मी लिहितोय ते एक बातमी सांगायला.

डिसेंबरात आमच्याकडे नवीन प्रयोग सुरू झाला. कण्याला मार लागला की पहिला घाव क्षणाचा असतो. खरी नासधूस पुढच्या तासांत आणि दिवसांत होते. सूज येते, आजूबाजूच्या चांगल्या पेशीही एकीपाठोपाठ एक मरतात. हा दुसरा घाव अडवता येईल का, हे आमच्या मॅडम दहा वर्षं शोधतायत. या वेळी त्यांनी जिनसेंगच्या मुळातून काढलेलं एक द्रव्य घेतलंय. शेजारच्या खोलीत हेच द्रव्य मेंदूला मार लागलेल्या उंदरांना देतात, आमच्याकडे कण्याला. चोवीस उंदीर. बारांना औषध, बारांना नुसतं खारं पाणी. कोणाला काय, ते मला माहीत नसतं. तसा नियमच आहे. ज्याला माहीत असतं त्याच्या डोळ्यांवर विश्वास ठेवायचा नाही.

तर पाचवा आठवडा झाला आणि काही उंदीर चालायला लागलेत. नुसते पाय ओढत नाहीत. पंजा टेकवून, अंगाचा भार घेऊन चालतात. बावीस वर्षांत मी असं बघितलं नव्हतं. घरी आलो आणि खुर्चीत बसवेना, म्हणून चपला घालून परत खाली गेलो, चौकाला दोन फेऱ्या मारल्या आणि हे लिहायला बसलो.

तुझा मामा

१९ जानेवारी

खटपट्या,

तुझं उत्तर आलं! दोन ओळी का होईना. 'कोणते उंदीर? किती चालतात?' पोस्टमनला मी चहा पाजला. तो बिचारा घाबरला.

ऐक. आम्ही उंदराला लहान मुलांच्या खेळायच्या हौदात सोडतो. प्लास्टिकचा हौद, त्यावर माशांची चित्रं. हौदाच्या एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला माझी सहकारी. तिला सगळे कासव म्हणतात, कारण ती एक आकडा लिहायला अर्धा तास लावते. दोघांनी वेगवेगळं बघायचं आणि मग चर्चा करून एक आकडा ठरवायचा. दहाच्या पुढे खरी गंमत असते. अकरा म्हणजे मागचे पाय भार घेतात, पण पुढच्या पायांशी त्यांचा ताळमेळ नाही. बारा म्हणजे ताळमेळ कधीमधी दिसतो. तेरा म्हणजे बऱ्याचदा दिसतो. 'कधीमधी' आणि 'बऱ्याचदा' यांच्यात किती अंतर, ते बघणाऱ्याच्या डोळ्यांत असतं.

दोन गटांच्या पिंजऱ्यांवर दोन रंगांच्या पट्ट्या आहेत, एकाला निळी, दुसऱ्याला पिवळी. सहाव्या आठवड्यात निळ्या पट्टीचे नऊ उंदीर तेरावर. पिवळ्या पट्टीचे दहावर अडकलेत. मी तुला सांगतो, निळ्यांनाच औषध मिळालंय. लिहून ठेव. मला या कामातली नजर आहे.

कासव एकदा म्हणाली, "तुम्हाला तो ताळमेळ खरंच दिसला? मला नाही दिसला."

मी म्हणालो, "तू पापणी मिटली होतीस."

ती हसली आणि तिने तेरा लिहिलं.

तुझे दिवस कसे जातायत? ताई म्हणाली, पुनर्वसन केंद्रात फिजिओ तुला दोन दांड्यांच्या मध्ये उभं करते आणि डाव्या मांडीत काहीतरी कळतं. काहीतरी म्हणजे काय? मुंग्या? ऊब? मला सविस्तर लिही. मी आकडा देणार नाही, शपथ.

तुझा मामा

२८ जानेवारी

खटपट्या,

काल पाकीट उघडलं. कोणत्या उंदराला काय दिलं याची यादी कुलपात असते, ती मॅडमनी सगळ्यांसमोर काढली. निळे म्हणजे औषध. पिवळे म्हणजे खारं पाणी. मी म्हणालो नव्हतो? निळ्यांची सरासरी तेरा, पिवळ्यांची दहा. मॅडम टेबल धरून उभ्या राहिल्या. दहा वर्षांत त्यांना हसताना मी तीनदा बघितलंय, काल चौथ्यांदा. केक आणला गेला. कासवाने केकसुद्धा सावकाश खाल्ला.

तू विचारलंस, 'तुला आधीच कसं कळलं?' अरे, नजर. अनुभव. बावीस वर्षं म्हणजे काही थोडी नाहीत. सकाळ-संध्याकाळ त्यांचं मूत्राशय मी हाताने दाबून रिकामं करतो, कारण त्यांना ते आपलं आपण जमत नाही. तुला नळी आहे, त्यांना माझा अंगठा. एवढी सलगी असली की माणूस ओळखतो.

हे लिहिताना तीनदा उठलो. खिडकी उघडली, लावली, परत उघडली. आनंद झाला की असंच होतं म्हणतात.

तुझ्या पत्राची शेवटची ओळ मी खिशात ठेवलीये. 'मामा, हे माणसांसाठी कधी येणार?' लवकर, राजा. फार लवकर.

तुझा मामा

१२ फेब्रुवारी

खटपट्या,

सकाळी ताईचा फोन आला. स्वतःहून. मला वाटलं वितळली.

"तुझ्या पत्रांचे उपकार झाले," ती म्हणाली. "त्याने ती मला वाचून दाखवली. आता आम्ही जातोय."

"कुठे?"

"एका दवाखान्यात. परदेशातल्या. ते जिनसेंगचं औषध थेट कण्यात टोचतात. त्याने तुझ्या पत्राची प्रत त्यांना पाठवली, त्यांनी लगेच तारीख दिली. दोन एप्रिल."

मी विचारलं, "आणि केंद्र?"

"वीस मार्चला इथली खाट सोडायची. तो म्हणतो, आता दांड्या धरून घाम गाळण्यात काय अर्थ आहे? व्यायाम थांबवलाय त्याने. औषधाने होणारच आहे म्हणतो."

खटपट्या, थांब. पाया पडतो, थांब.

आमच्या उंदरांना पहिली सुई मार लागल्यावर तासाभरात दिलेली असते. दुसरा घाव सुरू होण्याआधी. तुला पाच महिने होऊन गेले. पेटलेल्या घरावर पाणी मारलं तर घर वाचतं. राख झाल्यावर मारलं तर चिखल होतो. आणि कण्यात सुई! ती बाटली कोणी तपासली, किती माणसांना दिली, त्यांतल्या किती जणांना ताप आला, किती जणांची होती ती संवेदनाही गेली, हे त्यांनी सांगितलं का? विचार त्यांना.

तुझ्या केंद्रातल्या खाटेसाठी लोक वर्षभर थांबतात. ती सोडलीस तर परत मिळणार नाही. आणि मांडीतलं ते काहीतरी व्यायामानेच जिवंत राहिलंय.

मी पत्रात 'लवकर' लिहिलं होतं, ते खोड.

मामा

१६ फेब्रुवारी

खटपट्या,

तुझं उत्तर वाचलं. 'वेळेचं वगैरे मला कळतं. पण उंदीर चालले ना? तूच लिहिलंस, बावीस वर्षांत असं बघितलं नव्हतंस. मग आता मला का अडवतोस? परत शून्य म्हणायचंय का?'

जेवणाच्या सुट्टीत लिहितोय. डबा उघडलेला नाही. मी पिंजरे धुवायच्या खोलीच्या पायरीवर बसलोय, आत मशीन घरघरतंय, आणि मला जे सांगायचंय ते मी चार दिवस टाळतोय. ताकाला जाऊन भांडं लपवण्यात अर्थ नाही.

औषधाच्या बाटल्या दोन होत्या. एकीवर अ, दुसरीवर ब. बाहेरून दोन्ही सारख्या, दोन्हीत पाण्यासारखं पाणी. कुठली कशाची हे फक्त भरणाऱ्या फार्मसिस्टला ठाऊक. सुया देणारा माणूस वेगळा असतो, तो आकडे देत नाही. आकडे देणारे आम्ही, आम्ही सुयांना हात लावत नाही. पण सुया देणारा तिसऱ्या दिवशी जिन्यात घसरला आणि त्याचं मनगट मोडलं. मॅडम म्हणाल्या, "बारा दिवसांचा तर प्रश्न आहे, तुम्ही द्या. बाटल्यांवर अक्षरंच आहेत, तुम्हाला कुठे कळणार आहे?" मी द्यायला लागलो.

सुई भरायच्या आधी बाटली हलवायची असते. मी ब हलवली. दोन बुडबुडे आले, फुटले. मी अ हलवली. बोटभर फेस आला, भांडी घासायच्या साबणासारखा, आणि बसायचं नाव घेईना.

जिनसेंगच्या मुळातलं हे द्रव्य साबणाच्याच जातीचं असतं. हलवलं की फेस येणारच. आमच्या विभागात हे सगळ्यांना माहीत आहे, पहिल्या वर्षाच्या पुस्तकात आहे. पण कोणालाच सुचलं नाही, कारण बाटली हलवणारा आणि उंदीर बघणारा एकच माणूस कधी नसतो. या वेळी होता. अ बाटली निळ्या पट्टीच्या पिंजऱ्यांना.

मला त्याच क्षणी कळलं. त्याच क्षणी बाटली खाली ठेवून मॅडमकडे जायला हवं होतं. दहा पावलांवर त्यांचं दार आहे. मी गेलो नाही. मनाशी म्हणालो, मी काही खोटं लिहिणार नाही, जे दिसेल तेच लिहीन, मग सांगायचं कशाला? बावीस वर्षांची माझी नजर फेसाला भुलणार आहे होय?

भुलली. ज्या दिवशी पहिला निळा उंदीर पंजा टेकवून उभा राहिला, त्या दिवशी मला हौदात तो दिसलाच नाही. मला तू दिसलास. त्यानंतर निळ्या उंदराने एक पाऊल बरोबर टाकलं की मला पाच दिसायची. पिवळ्याने टाकलं तर वाटायचं, चुकून पडलं असेल. कासवाला दिसत नव्हतं, तिला मी गप्प केलं. खोटं मी एकदाही लिहिलं नाही, खटपट्या. मला खरंच तसं दिसलं. हे सांगताना मला जास्त भीती वाटते.

तू बरा व्हावास एवढंच मला हवं होतं, आणि तू माझ्या हातात नव्हतास. उंदीर होते.

ज्या तेराच्या भरवशावर तू खाट सोडतोयस, तो तेरा माझा आहे. औषधाचा त्यात किती आणि माझा किती, मला माहीत नाही. हे पत्र त्या दवाखान्यालाही पाठव. पहिली पाठवली होतीस ना, तसंच.

मशीन थांबलंय. आता मी मॅडमकडे जातो. जातो म्हणजे जाणारच, आता तुला लिहून बसलोय.

मामा

२२ फेब्रुवारी

खटपट्या,

गेलो त्या दिवशी. दाराशी दोनदा मागे फिरलो, तिसऱ्यांदा त्यांनीच आतून विचारलं, "येताय की जाताय?"

सगळं सांगितलं. त्यांनी पेन खाली ठेवलं.

"किती दिवस सुया दिल्या?"

"बारा."

"आणि कळलं कोणत्या दिवशी?"

"पहिल्या."

बाहेर कोणीतरी ट्रॉली ढकलत नेली, तिचं एक चाक करकरत होतं, आणि मला वाटलं, ती ट्रॉली कधी संपूच नये.

"तुम्ही आकडे फुगवले?"

"नाही. मला तेच दिसलं."

"ते जास्त वाईट आहे," त्या म्हणाल्या. "फुगवले असते तर तुम्ही मला खरे आकडे सांगू शकला असता."

मग त्यांनी विचारलं, "आता का सांगताय? तुमच्याशिवाय कोणालाच कळलं नसतं."

मी तुझ्याबद्दल सांगितलं. भाचा, लिफ्ट, दोन एप्रिल. त्या ऐकत राहिल्या. शेवटी एवढंच म्हणाल्या, "शोधनिबंध सोमवारी मासिकाकडे गेलाय. परत मागवते. चूक माझीही आहे, सुया द्यायला मीच सांगितलं." आणि मग, मी दारात पोचल्यावर, "हौदापाशी आता येऊ नका."

प्रत्येक वेळचं चित्रीकरण ठेवलेलं असतं. ते दुसऱ्या संस्थेतल्या दोघांकडे पाठवलंय. पट्ट्या झाकून, उंदरांचा क्रम पिसून. त्यांना ना अ माहीत, ना ब, ना मी, ना तू.

मी सध्या पिंजरे धुतो. बावीस वर्षांपूर्वी इथूनच सुरुवात केली होती. हातांना येणारा वास विसरलो होतो. कासव येऊन शेजारी उभी राहिली. मला वाटलं, आता ही बोलणार, आणि बोलायचा तिला हक्क आहे. ती म्हणाली, "मला दिसलं नव्हतं, तरी मी लिहिलं. मीही सांगून आलेय." ती एवढं बोलेपर्यंत माझे दोन पिंजरे धुऊन झाले.

तुझं काही कळत नाही. ताईला फोन केला तर ती म्हणाली, "तो पत्र वाचतो. बोलत काही नाही. आणि तूही आता जरा गप्प बस." मी गप्प बसलो. तीन मिनिटं. मग परत फोन केला, तिने उचलला नाही. तिचंही बरोबर आहे.

व्यायाम सुरू केलास का? निदान तेवढं कळव. उभा राहिलास का, हो की नाही, बस्स.

मामा

९ मार्च

खटपट्या,

निकाल आला. मला कोणी बोलावलं नव्हतं. कासवाने कागद आणून दाखवला.

निळे अकराच्या जरा वर. पिवळे दहाच्या जरा वर. फरक एका गुणाचाही नाही. औषधाने थोडंसं होत असेलही, चोवीस उंदरांवरून ठरवता येत नाही. मॅडम पुन्हा करणार आहेत, दुप्पट उंदीर घेऊन, आणि दोन्ही बाटल्यांना सारखाच फेस येईल अशी व्यवस्था करून. तीन वर्षं तरी लागतील. मग मोठे प्राणी, मग नुकताच मार लागलेली माणसं. तुझ्यासारखी जुनी दुखापत त्या रांगेत कुठे बसते, ते मला माहीत नाही. कोणालाच माहीत नाही. जो माहीत आहे म्हणतो आणि तारीख देतो, त्याच्या हातात सुई देऊ नकोस.

मी तुला अंधारात ठेवून वर आशेला लावलं. दोन्ही गुन्हे एकदम. सप्टेंबरात मी तुझ्याकडून काहीतरी काढून घेतलं होतं आणि जानेवारीत ते परत द्यायची मला घाई झाली. माझ्यापाशी द्यायला नव्हतं तेही मी दिलं. करायला गेलो एक आणि झालं भलतंच. मला त्याची लाज वाटते. साधी, सरळ लाज. डोळे मिटून बसलो तरी जात नाही, म्हणून मी बसतच नाही. परवा घरातले सगळे दिव्यांचे खटके उघडून साफ केले. एकही बिघडलेला नव्हता. तू असतास तर म्हणाला असतास, मामा, आता दोन बिघडतील. तीन बिघडले.

वीस तारखेला अकरा दिवस आहेत. तू रागावून गेलास तर मला समजेल. पण माझ्यावरचा राग माझ्यावर काढ रे, पाठीवर काढू नकोस.

मामा

१७ मार्च

खटपट्या,

हे तुझ्या केंद्राच्या बाहेरच्या खोलीतून लिहितोय. पोस्टाने नाही, फिजिओच्या हाती देईन. कागद त्यांच्याच फॉर्मच्या मागचा आहे.

परवा ताईचा फोन आला. म्हणाली, "त्याने तारीख रद्द केली."

मला आनंदाने ओरडावंसं वाटलं. तेवढ्यात ती म्हणाली, "रद्द केली आणि तेव्हापासून भिंतीकडे तोंड करून पडलाय. जेवला नाही. दांड्यांकडे बघत नाही. तू माझ्या मुलाला खरं सांगितलंस, चांगलं केलंस. आता त्या खऱ्याचं त्याने काय करायचं, ते येऊन सांग." आणि रडली. ताईला रडताना मी शाळेत असताना ऐकलं होतं, त्यानंतर परवाच.

काल सकाळी नऊला आलो. तुझी आई आत जाऊन आली आणि मान हलवली. मी बसलो. पाचला केंद्र बंद होतं, गेलो. आज परत नऊला. इथे सात खुर्च्या आहेत, सातही बसून झाल्या. खिडकीशेजारची डुगडुगते. भिंतीवरचं घड्याळ चार मिनिटं पुढे आहे. आतून फिजिओचा आवाज येतो, "खांदे मागे, खांदे मागे," आणि मी इकडे खांदे मागे घेतो. समोर एक आजोबा बसलेत, त्यांची नात आत आहे. ते मला म्हणाले, "तुम्ही जरा स्वस्थ बसता का? मला चक्कर येते."

मी तुला काय सांगायला आलोय, ते मला अजून सापडलेलं नाही. येताना गाडीत चांगली चार वाक्यं जुळवली होती. धीर धर, हिंमत हरू नको, असली. खड्ड्यात पडलेल्याला काठावरून सांगतात तशी. त्यांतलं एकही तुझ्यापुढे म्हणवणार नाही. तू बरा होशील असं मी आता म्हणू शकत नाही आणि होणार नाहीस असंही नाही. माझ्याकडे आकडा नाही. तू माझा भाचा आहेस, तू पडलायस, आणि मला घरी बसवत नाही. एवढंच आहे.

आत्ता फिजिओ बाहेर आली होती. एक रुंद पट्टा तिने खांद्यावर टाकलेला. तिने विचारलं, "मामा म्हणजे तुम्हीच ना?"

"हो."

"आज माझा मदतनीस आला नाही. त्याला उभं करायचं तर कमरेचा पट्टा मागून धरायला दुसरा माणूस लागतो. त्याच्या आईला तो पेलवत नाही." मग जरा थांबून म्हणाली, "तोच म्हणाला, बाहेर बसलाय त्याला बोलवा. पण एक अट घातलीये. तुम्ही तोंड उघडायचं नाही. एक शब्दही नाही. मी विचारलं, अरे पण मामा विचारतील, कसं वाटतंय, जमतंय का. तर म्हणाला, तेच नको. नुसतं धरू दे."

मी तिला म्हणालो, दोन मिनिटं द्या, हात धुऊन येतो. हात धुतले. आता हे लिहितोय, कारण एकदा आत आलो की मला बोलता येणार नाही, आणि तू मला ओळखतोस, थोडं बोलून घेतल्याशिवाय माझ्याने गप्प राहवणार नाही.

अट मान्य आहे. येतो.